राणूबाईंची चोवीस वर्षे

संतचरित्रांत वृद्ध माणसे बहुधा प्रसंगापुरतीच येतात. समर्थ रामदासांच्या मातोश्री राणूबाई यांचेही तसेच झाले आहे. आजच्या जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेले जांब हे समर्थांचे जन्मगाव. १६०८ मध्ये जन्मलेल्या नारायणाचे पितृछत्र लहानपणीच हरपले आणि परंपरेनुसार बाराव्या वर्षी तो बोहल्यावरून निघून गेला. बारा वर्षे टाकळीचे तप, बारा वर्षे तीर्थाटन! हा काळ आपण समर्थांच्या साधनेचा म्हणून मोजतो. तोच राणूबाईंच्या वैधव्याचा, प्रतीक्षेचा आणि उतरत्या वयाचाही होता, हे सहसा लक्षात घेत नाही.

१६४४ च्या सुमारास समर्थ जांबेस परतले, तेव्हा पुत्रवियोगाने मातेची दृष्टी गेली होती व त्यांच्या हस्तस्पर्शाने ती परत आली, असे सांप्रदायिक चरित्रे सांगतात. चमत्कार बाजूला ठेवला तरी मनाचे दुःख देहावर उतरते, हे त्यातील निरीक्षण उरतेच. वार्धक्यातील दृष्टिनाश, एकाकीपण व नैराश्य परस्परांशी निगडित असतात, हे आजचे वैद्यकही सांगते. आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो पुढचा प्रसंग. समर्थांनी मातेला कपिलगीता सांगितली. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात, पती वनात गेल्यावर मागे राहिलेल्या देवहूतीशी तिचा पुत्र कपिल जो संवाद करतो, तीच ही गीता. मातेसाठी केलेली ही निवड अर्थपूर्ण आहे.

परंतु मधली चोवीस वर्षे तिला सांभाळले कोणी? थोरले पुत्र गंगाधरपंत ऊर्फ ‘श्रेष्ठ’ आणि त्यांच्या पत्नी यांनी. श्रेष्ठांचे ‘भक्तिरहस्य’ व ‘सुलभोपाय’ हे ग्रंथ अभ्यासकांना ठाऊक आहेत. त्या घरातील सुनेने केलेली शुश्रूषा मात्र चरित्राचा विषय झाली नाही.

दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी म्हातारपणाचे वर्णन केले आहे. गात्रे थकतात आणि घरच्यांनाच माणूस नकोसा होतो. त्याचा हेतू वैराग्याचा आहे; पण सामाजिक इतिहास म्हणून वाचले, तर देहाच्या व्याधीइतकेच घरातील मान गेल्याचे दुःखही तिथे नोंदलेले दिसते.

आजही ऊसतोडीसाठी वा शहरातील रोजगारासाठी जालन्यातील तरुण बाहेर पडतात आणि म्हातारी माणसे गावी राहतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या कायद्याने त्यांना निर्वाहखर्च मागता येतो. जवळ बसून बोलणारे माणूस मात्र त्या कायद्याने मिळत नाही. जांबेचा इतिहास शिकवताना समर्थांच्या तपाबरोबर राणूबाईंची चोवीस वर्षेही वर्गात यावीत, असे आम्हांस वाटते.