शर्यत क्रमांक (मोटारसायकल शर्यत)

शर्यत क्रमांक म्हणजे मोटारसायकल शर्यतीत भाग घेणाऱ्या चालकाची ओळख पटावी यासाठी त्याच्या वाहनावर, तसेच काही प्रकारांत त्याच्या पोशाखावरही, लावलेला क्रमांक होय. एका शर्यतीत एका गटातील दोन चालकांना एकच क्रमांक देता येत नाही. हा क्रमांक कोणाला व कसा मिळतो, हे शर्यतीच्या प्रकारानुसार आणि नियामक संस्थेच्या नियमांनुसार बदलते. मागील हंगामातील स्थान, चालकाची स्वतःची निवड, सुरुवातीचा क्रम आणि नावनोंदणीचा क्रम या त्याच्या चार प्रमुख पद्धती आहेत. शर्यत क्रमांक हा वाहनाच्या शासकीय नोंदणी क्रमांकापेक्षा वेगळा असतो. नोंदणी क्रमांक वाहनाचा असतो, तर शर्यत क्रमांक चालकाचा असतो.

## उपयोग

शर्यतीत शिरस्त्राण व पोशाखामुळे चालकाचा चेहरा दिसत नाही. एकाच संघाच्या मोटारसायकलींचा रंगही सारखा असतो. त्यामुळे वेळ नोंदवणारे, पंच, समालोचक व प्रेक्षक या सर्वांना क्रमांकावरच अवलंबून राहावे लागते. आता बहुतेक मोठ्या शर्यतींत प्रत्येक मोटारसायकलीवर संदेश पाठवणारे एक छोटे उपकरण बसवलेले असते आणि फेरीची वेळ त्यावरून आपोआप नोंदली जाते. तरीही डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमांकाची गरज संपलेली नाही.

याचे मुख्य कारण सुरक्षा हे आहे. सर्किटवरील शर्यतीत काळा झेंडा चालकाच्या क्रमांकासह दाखवला जातो. तो दिसल्यावर त्या चालकाला शर्यत सोडून थांब्यावर यावे लागते. मध्यभागी नारिंगी वर्तुळ असलेला काळा झेंडाही क्रमांकासहच दाखवतात. संबंधित मोटारसायकलीत तेलगळतीसारखा धोकादायक बिघाड असून चालकाने ताबडतोब मार्गाबाहेर पडावे, असा त्याचा अर्थ असतो. पंचाला क्रमांक चुकीचा वाचता आला, तर निर्दोष चालक बाहेर काढला जातो आणि बिघडलेली गाडी मार्गावर राहते. अपघातानंतर मार्गावरील स्वयंसेवक नियंत्रण कक्षाला पहिली माहिती देतात, तीही क्रमांकावरूनच.

## इतिहास

मोटारसायकल शर्यतींच्या प्रारंभीच्या काळात प्रत्येक शर्यतीचे संयोजक आपापल्या सोयीने क्रमांक देत. त्यामुळे एकाच चालकाला एका हंगामात वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे क्रमांक मिळत. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाची (एफआयएम) जागतिक अजिंक्यपद मालिका १९४९ साली सुरू झाली. पुढे तिच्यात मागील हंगामातील स्थानानुसार क्रमांक देण्याची रीत रूढ झाली. विजेत्याला १, उपविजेत्याला २ आणि त्यानंतर उतरत्या क्रमाने इतरांना, असे तिचे स्वरूप होते.

ब्रिटिश चालक बॅरी शीन याने या रीतीला ठळकपणे छेद दिला. १९७६ व १९७७ साली ५०० सीसी गटाचे विजेतेपद मिळवूनही त्याने १ हा क्रमांक न घेता आपला ७ हाच क्रमांक कायम ठेवला. प्रेक्षक चालकाला क्रमांकावरून ओळखतात, हे त्यामुळे स्पष्ट झाले. पुढे स्थानानुसार क्रमांक देण्याऐवजी चालकाने निवडलेला क्रमांक कायम ठेवण्याची पद्धत जागतिक मालिकेत रुजली.

इटलीचा व्हॅलेंतिनो रॉसी हे या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याचे वडील ग्राझियानो रॉसी यांनी १९७९ साली २५० सीसी गटात ४६ हा क्रमांक लावून शर्यती जिंकल्या होत्या. व्हॅलेंतिनोने तोच क्रमांक घेतला आणि सर्वोच्च गटात अनेकदा विश्वविजेता होऊनही तो बदलला नाही.

## क्रमांक देण्याच्या पद्धती

### चालकाची निवड

मोटोजीपी आणि सुपरबाइक या जागतिक मालिकांत चालक आपल्या पसंतीचा क्रमांक मागतो. तो क्रमांक त्याच गटात दुसऱ्याकडे असेल, तर आधीपासून तो वापरणाऱ्याचा हक्क मानला जातो व नवागताला दुसरा क्रमांक घ्यावा लागतो. स्पेनचा पेद्रो अकोस्टा २०२४ साली मोटोजीपी गटात आला, तेव्हा त्याचा ३७ हा क्रमांक ऑगुस्तो फर्नांडेझ याच्याकडे होता. म्हणून अकोस्टाने तो हंगाम ३१ क्रमांकाने खेळला आणि २०२५ साली ३७ पुन्हा घेतला. निवडीमागे जन्मवर्ष, घरातील कोणाचा जुना क्रमांक किंवा बालपणीच्या शर्यतींतील आठवण अशी कारणे असतात. १९९३ साली जन्मलेल्या मार्क मार्केझचा क्रमांक ९३ आहे.

### मागील हंगामातील स्थान

अमेरिकेतील मोटोक्रॉस व सुपरक्रॉस या मातीवरील शर्यतींत क्रमांक कमवावा लागतो. मागील हंगामातील एकूण गुणांच्या आधारे चालकांना एक व दोन अंकी क्रमांक दिले जातात. गुणतक्त्यात पुरेसे वर स्थान न मिळालेल्यांना तीन अंकी क्रमांक मिळतात. सातत्याने वरच्या स्थानांवर राहणाऱ्या चालकाला कारकिर्दीभरासाठी कायम क्रमांक निवडण्याचा अधिकार मिळतो. रिकी कारमायकेल याचा ४, चॅड रीड याचा २२ आणि इली टोमॅक याचा ३ हे असे क्रमांक आहेत. या पद्धतीत लहान क्रमांक हा मागील वर्षीच्या कामगिरीचा पुरावा ठरतो.

### सुरुवातीचा क्रम

काही शर्यतींत सर्व चालक एकाच वेळी न सुटता ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात. अशा ठिकाणी क्रमांक व सुटण्याचा क्रम यांचा थेट संबंध असतो. १९०७ साली सुरू झालेली ‘आइल ऑफ मॅन टीटी’ ही शर्यत सुमारे ६०.७ किलोमीटर लांबीच्या सार्वजनिक रस्त्यावर होते. तिच्यात १ क्रमांकाचा चालक प्रथम सुटतो आणि त्यामागोमाग दहा दहा सेकंदांनी इतर सुटतात. वेगवान चालकांना हळू चालकांना ओलांडत जावे लागू नये, म्हणून अनुभवी व वेगवान चालकांना पहिले क्रमांक दिले जातात.

रॅलीमध्येही क्रमांकाचा संबंध सुरुवातीशी असतो. मातीच्या रस्त्यावर मागून सुटणाऱ्याला पुढच्याने उडवलेल्या धुळीतून जावे लागते, त्यामुळे पुढचा क्रमांक फायद्याचा ठरतो. अनेक दिवसांच्या वाळवंटी रॅलीत मात्र उलटही घडते. सर्वांत पुढे जाणाऱ्याला वाट स्वतः शोधावी लागते, तर मागच्यांना त्याच्या चाकांच्या खुणा मिळतात. डकार रॅलीत पहिल्या दिवसानंतर सुटण्याचा क्रम आदल्या टप्प्याच्या निकालावरून ठरतो. तेथे क्रमांक केवळ ओळखीपुरता उरतो. २०१५ साली सी. एस. संतोष हा मोटारसायकलीवर ही रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला.

### नावनोंदणीचा क्रम

स्थानिक व हौशी शर्यतींत संयोजक बहुधा नावनोंदणीच्या क्रमाने किंवा गटवार क्रमांक देतात. हे क्रमांक त्या दिवसापुरतेच असतात. मोटोक्रॉसमध्ये सुरुवातीच्या फाटकावरील जागा या क्रमांकावर अवलंबून नसते. ती पात्रता फेरीतील निकालावरून किंवा चिठ्ठ्या टाकून ठरते.

## क्रमांक १

गतविजेत्याला १ हा क्रमांक लावण्याचा हक्क बहुतेक मालिकांत आजही आहे, मात्र त्याची सक्ती नाही. निकी हेडनने २००७ साली, केसी स्टोनरने २००८ व २०१२ साली आणि होर्हे लोरेन्झोने २०११ साली मोटोजीपीत १ क्रमांक लावला. त्यानंतर बराच काळ कोणी तो घेतला नाही. २०२३ साली फ्रान्सेस्को बान्याया याने ६३ सोडून १ स्वीकारला, तर २०२५ साली होर्हे मार्टिनने ८९ ऐवजी तो लावला. मार्केझने मात्र विजेतेपदानंतरही ९३ सोडला नाही.

मोटोक्रॉस व सुपरक्रॉसमध्ये चालू हंगामातील आघाडीही पाटीवर दाखवली जाते. गुणतक्त्यात अग्रस्थानी असलेल्या चालकाच्या क्रमांकाची पार्श्वभूमी लाल असते. आघाडी गेली की लाल पाटीही जाते.

## निवृत्त क्रमांक

एखाद्या चालकाच्या सन्मानार्थ त्याचा क्रमांक पुढे कोणालाही न देण्याची प्रथा आहे. १९९३ चा ५०० सीसी विश्वविजेता केविन श्वांट्झ याचा ३४ हा क्रमांक त्याच्या निवृत्तीनंतर असा राखून ठेवण्यात आला. रॉसीचा ४६ हा क्रमांक मे २०२२ मध्ये मुजेल्लो येथे निवृत्त करण्यात आला.

या यादीतील अनेक क्रमांक मृत्यूशी जोडलेले आहेत. जपानचा दाइजिरो कातो (७४) एप्रिल २००३ मध्ये सुझुका येथील अपघातानंतर मरण पावला. इटलीचा मार्को सिमोन्चेल्ली (५८) २३ ऑक्टोबर २०११ रोजी मलेशियातील सेपांग येथे शर्यतीदरम्यान मृत्युमुखी पडला. २००६ चा विश्वविजेता निकी हेडन (६९) मे २०१७ मध्ये सायकल चालवताना झालेल्या अपघातात दगावला. या तिघांचे क्रमांक मोटोजीपी गटात आता वापरले जात नाहीत.

## पाटी, रंग व अंक

पूर्वी जागतिक मालिकेत पाटीच्या रंगावरून इंजिनाचा गट ओळखता येत असे.

- ५० सीसी : पांढऱ्यावर काळे अंक
- १२५ सीसी : काळ्यावर पांढरे अंक
- २५० सीसी : हिरव्यावर पांढरे अंक
- ३५० सीसी : निळ्यावर पांढरे अंक
- ५०० सीसी : पिवळ्यावर काळे अंक

आता सर्किटवरील मोटारसायकलींना स्वतंत्र पाटी नसते. क्रमांक थेट बाह्य आवरणावर रंगवतात किंवा चिकटवतात. अंक स्पष्ट असावेत, पार्श्वभूमीपासून उठून दिसावेत आणि समोरच्या अंकांची उंची किमान १४० मिलिमीटर असावी, अशा अटी असतात. नक्षीदार अंक दुरून वाचता येत नसल्यास तांत्रिक तपासणीत ते बदलायला लावले जातात.

## भारतातील स्थिती

भारतात मोटारक्रीडेचे नियमन फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया ही संस्था करते. तिच्या मान्यतेने होणाऱ्या शर्यतीत उतरण्यासाठी चालकाकडे स्पर्धा परवाना असावा लागतो. परवाना व नावनोंदणी पूर्ण झाल्यावरच क्रमांक मिळतो. राष्ट्रीय मालिकेच्या सर्किटवरील शर्यती मुख्यतः चेन्नईजवळच्या व कोइंबतूरच्या ट्रॅकवर झाल्या आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची भारतातील पहिली शर्यत झाली. ती ७२ क्रमांकाच्या मार्को बेझेक्की याने जिंकली.

महाराष्ट्रात मातीवरील शर्यती आणि रॅली यांची परंपरा अधिक आहे. मुंबई व नवी मुंबई परिसरात पावसाळ्यात ‘गल्फ मान्सून स्कूटर रॅली’ होत आली आहे. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडी येथील क्रीडासंकुलात झाली.

### नोंदणी क्रमांकाशी तुलना

दोन्ही क्रमांकांतील फरक रायगड जिल्ह्यातील एका उदाहरणावरून स्पष्ट होतो. अलिबाग तालुक्यातील चौल येथील रहिवाशाने मोटारसायकल घेतली, तर तिची नोंदणी पेण येथील परिवहन कार्यालयाच्या ‘एमएच ०६’ या मालिकेत होते. गाडी विकली, तरी हा क्रमांक गाडीबरोबर जातो. त्याच रहिवाशाने शर्यतीत भाग घेतला, तर मिळालेला शर्यत क्रमांक त्याच्या नावावर राहतो आणि गाडी बदलली तरी तो बदलत नाही. रॅलीचा काही भाग सार्वजनिक रस्त्यावरून जात असल्यास मोटारसायकलीवर दोन्ही क्रमांक असावे लागतात. शर्यत क्रमांकाने नोंदणीची पाटी झाकता येत नाही.

पसंतीचा नोंदणी क्रमांक जादा शुल्क भरून मिळवता येतो. ‘०००१’ साठीचे शुल्क त्यांत सर्वाधिक असते. शर्यतीतील १ क्रमांकाला असे शुल्क नाही. बहुतेक मालिकांत तो मागील हंगामाच्या विजेत्यालाच लावता येतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत लावणे किंवा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. अधिनियमातील ‘सार्वजनिक ठिकाण’ या संज्ञेत रस्त्यांबरोबरच जनतेला जाण्याचा हक्क असलेली इतर ठिकाणेही येतात. त्यामुळे गाडीवर हौसेने रंगवलेल्या शर्यत क्रमांकाला कायद्याने कोणताही अर्थ नाही.

### बैलगाडा शर्यतींतील पद्धत

रायगडच्या किनाऱ्यावर मोटारसायकलींपेक्षा बैलगाडा शर्यती अधिक जुन्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ मधील निकालाने त्या थांबल्या होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा संबंधित कायदा वैध ठरवला. महाराष्ट्रातील या शर्यतींत गाड्यांचे गट आणि धावण्याची जागा बहुधा चिठ्ठ्या टाकून ठरवतात. अनुकूल जागा कोणाला मिळाली यावरून वाद होऊ नये, हा त्यामागील हेतू असतो. मागील विजेत्याला येथे चिठ्ठीत झुकते माप नसते.

## हेही पाहा

- मोटोजीपी
- मोटोक्रॉस
- डकार रॅली
- वाहन नोंदणी क्रमांक
- बैलगाडा शर्यत
- चौल