शिवणयंत्र आणि त्याची निगा

कल्याणहून कसाऱ्याकडे जातांना शहाडनंतरचें स्थानक म्हणजे आंबिवली. जवळच्या मोहने गांवीं, उल्हास नदीच्या कांठीं, नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना उभा राहिला, आणि या साऱ्या परिसराचा दिवस त्याच्या पाळ्यांवर चालूं लागला. लांकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा तकतकीत धागा तेथें निघत असे. हा धागा भिजला म्हणजे त्याचें बळ जवळजवळ निम्म्यावर येतें; म्हणून विणकामास व भरतकामास तो चांगला, परंतु जाड्याभरड्या कपड्याची शिवण त्याच्या भरंवशावर सोडतां येत नाहीं. २००९ सालीं कारखान्याचें उत्पादन थांबलें. धाग्याचें एवढें प्रचंड यंत्रागार मुकें झालें. पण शहाड ओलांडून उल्हासनगराच्या गल्ल्यांत शिरलें असतां एका फार लहान यंत्राची घरघर अजून ऐकूं येते. तें म्हणजे कारखान्यांतील शिवणयंत्र.

घरांतलें शिवणयंत्र सर्वांच्या परिचयाचें आहे, आणि कारखान्यांतलें यंत्र हें त्याचेंच पुढें वाढलेलें रूप, अशी सामान्य समजूत असते. इतिहास उलट सांगतो. बार्थेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्यानें १८३० सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें व पॅरिसमध्यें सुमारें ऐशीं यंत्रें मांडून सैन्याचे गणवेष शिवावयास आरंभ केला. पुढच्याच वर्षीं, आपली भाकरी जाणार या धास्तीनें, शिंप्यांच्या जमावानें तीं यंत्रें मोडून टाकलीं. त्या शिंप्यांना अडाणी म्हणून हंसणें सोपें आहे. पण त्यांची भीति सर्वस्वीं खोटी होती असें म्हणतां येणार नाहीं. १८४५ सालीं अमेरिकेंत बोस्टन येथें एलियास हौ यानें पांच तरबेज शिवणकरणींशीं आपल्या यंत्राची शर्यत लावली आणि मिनिटास अडीचशें टांके घालून ती जिंकली.

हौच्या यंत्रांतील युक्ति आजहि कायम आहे. सुईचा डोळा टोंकाशीं. ती कापडांतून खालीं जाऊन किंचित् वर येतांना दोऱ्याचा फांस होतो, त्या फांसांतून खालचा दोरा जातो, आणि दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांस अडकतात. १८५१ सालीं आयझॅक सिंगरनें पेटंट घेतलें, व लवकरच त्याच्या कंपनीनें हप्त्यानें यंत्रें विकण्याची प्रथा पाडली. तेव्हां कोठें हें यंत्र घरोघरीं शिरलें. हिंदुस्थानांत हा व्यापार वाढविण्याचें श्रेय मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल यांच्याकडे जातें.

यंत्रांविषयीं एवढे साशंक असलेले गांधीजीहि १९२४ सालीं या यंत्रास अपवाद मानावयास तयार झाले. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरला तें सुचलें, असें ते म्हणाले. सिंगरचें चरित्र पाहतां ही कथा फारच सोज्ज्वळ आहे. परंतु गांधीजींचा मुद्दा त्यामुळें ढळत नाहीं. जें यंत्र एका माणसाच्या हातीं राहतें व त्याचे कष्ट हलके करतें, त्यास त्यांची ना नव्हती.

कारखान्यांतील यंत्रावर एकच माणूस बसतो, हें खरें. पण त्याचा वेग माणसाचा नव्हे. पायानें चालणारें यंत्र मिनिटास सहा-आठशें टांके घालील. विजेचें कारखानी यंत्र चार-पांच हजार. प्रत्येक टांक्यास खालचा हुक दोनदां फिरतो, म्हणजे मिनिटास दहा हजार फेरे. येथें कुपींतून चार थेंब तेल सोडून भागत नाहीं. यंत्राच्या बुडाशीं तेलाचें भांडें असतें, पंप तें वर चढवितो, आणि माथ्यावरील कांचेच्या लहानशा खिडकींत तेल उडतांना दिसतें. तें दिसेनासें झालें कीं यंत्र तत्काळ थांबवावें. हुक एकदां जळून अडकला म्हणजे दुरुस्ती मोठी. सुईचेंहि तसेंच. जाड कापडांतून वेगानें जातांना ती इतकी तापते कीं कृत्रिम दोरा वितळून तुटतो, व नवशिका उगाच टेन्शनचा स्क्रू पिळीत बसतो.

उल्हासनगर ही मुळांत कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारें एक लाख निर्वासितांना तेथें आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजगोपालाचारींच्या हस्तें नव्या नगराची कोनशिला बसली. घरदार मागें टाकून आलेल्यांस थोड्या भांडवलाचाच धंदा परवडणार. पुढें जीन्सच्या शिवणकामानें या नगराचें नांव झालें. एका खोलींत पांच-दहा यंत्रें मांडलीं कीं कारखाना तयार. कारागीर त्यांस ‘जुकी’ म्हणतात. वास्तविक हें एका जपानी कंपनीचें नांव, आणि १९३८ सालीं ती स्थापन झाली तेव्हां शिवणयंत्रें नव्हे, बंदुका बनवीत असे!

येथें एक जण खिसेच लावतो, दुसरा बाजूच्या शिवणी घालतो, तिसरा कंबरपट्टा. आणि मजुरी नगावर. यांतच निगेची खरी अडचण आहे. जीन्सच्या सुती तुसाची लव दात्यांखालीं व बॉबिनच्या घरांत सांचते. ती दिवसांतून दोनदां ब्रशानें काढावी, काळें पडलेलें तेल बदलावें, बोथट सुई मोडण्याची वाट न पाहतां काढून टाकावी, हें प्रत्येक कारागिरास ठाऊक असतें. परंतु त्या दहा मिनिटांचे पैसे कोणी देत नाहीं. मालक म्हणतो, यंत्र चालविणाऱ्यानें तें जपावें. चालविणारा म्हणतो, यंत्र ज्याचें त्यानें मिस्त्री बोलवावा. दोघांच्या मध्यें यंत्र झिजतें, आणि तें बंद पडलें कीं त्या दिवसाची मजुरी कारागिराचीच बुडते. निगेचा वेळ मजुरींत धरणें हाच यावरचा सरळ उपाय होय, आणि तो मालकासहि महाग पडूं नये.

जीन्स नुसती शिवून होत नाहीं. ती धुवावी लागते. त्या धुलाईच्या रंगीत पाण्यानें वालधुनी नदी नासली, तक्रारी न्यायालयांत गेल्या, आणि २०१८ च्या सुमारास उल्हासनगरांतील धुलाईचे अनेक कारखाने बंद झाले. नदीचा पक्ष न्याय्य होता. झळ मात्र शिवणाऱ्यांसहि लागली. धुलाईच अडल्यावर शिवणीचीं कामें कमी झालीं व यंत्रें उगीच उभीं राहिलीं. उभ्या यंत्रांतलें जुनें तेल चिकट होऊन सांध्यांत धरतें. असें यंत्र एकदम वेगानें चालवूं नये. जुनें तेल काढून नवें भरावें, पट्टा उतरून चाक हातानें पांच-सात वेळां फिरवावें, आणि खिडकींत तेल दिसल्यावरच दोरा ओंवावा.