फिजिशियन असोसिएट : पदवीधराकडून अपेक्षित क्षमता

डॉक्टरांच्या चमूत राहून रुग्णाची तपासणी, निदान आणि उपचार करणारा प्रशिक्षित व्यावसायिक म्हणजे फिजिशियन असोसिएट. हा पेशा अमेरिकेत जन्मला. तेथे डॉक्टरांची टंचाई होती आणि दुसरीकडे नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून तयार झालेली माणसे नागरी जीवनात परतून मोकळी बसत होती. हे दोन्ही जाणून डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये ड्यूक विद्यापीठात अशा चौघांना घेऊन अभ्यासक्रम सुरू केला. त्यांतले तिघे १९६७ मध्ये उत्तीर्ण झाले. ‘फिजिशियन असिस्टंट’ हे मूळ नाव बदलून ‘असोसिएट’ करण्याचा ठराव अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेने २०२१ मध्ये केला.

अभ्यासक्रम साधारण सव्वादोन वर्षांचा असतो. पहिला भाग वर्गातला. नंतर कौटुंबिक वैद्यक, शल्यचिकित्सा, बालरोग, स्त्रीआरोग्य, तातडीचा विभाग, मानसिक आरोग्य अशा पोस्टिंग होतात. शेवटी ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा असते.

नवपदवीधराला नेमके काय यायला हवे, हे अमेरिकेतील शिक्षणसंस्थांच्या संघटनेने २०१८ मध्ये सूत्रबद्ध केले. त्यात वैद्यकीय ज्ञानाबरोबर समाजाचे आरोग्य, संवाद, सांघिक काम, कायदा व व्यावसायिक आचरण आणि आरोग्यव्यवस्थेचा पैसा हेही विषय आहेत. हिस्टरी घेणे, अंगावर तपासणे, संभाव्य निदानांची क्रमवार यादी करणे, रक्ततपासण्या व एक्स-रेचा अर्थ लावणे, टाके घालणे हा पाया झाला. पण खरी कसोटी केस सादर करताना लागते. छातीत दुखणाऱ्या रुग्णाची माहिती वरिष्ठांपुढे मांडताना कोणती गोष्ट आधी सांगायची, कोणता धोका अजून नाकारता आलेला नाही आणि आपला कयास कशावर उभा आहे, हे मोजक्या वाक्यांत सांगता आले, तर विद्यार्थी विचार करायला शिकला असे समजावे.

संवादाचे कौशल्य गौण समजणे चूक आहे. रुग्णाने मान डोलावली म्हणजे त्याला कळले असे होत नाही. औषध कसे घेणार ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे लागते. न्यू जर्सीत मुलाकडे राहायला गेलेल्या मराठी आजीला इंग्रजी येत नसेल, तर नातवाला मध्ये न घालता प्रशिक्षित दुभाष्या बोलावणे हा उपचाराचाच भाग आहे. दुसऱ्याच्या रीतिभातींविषयी नम्रता आणि स्वतःच्या कामाचे परखड मूल्यमापन या दोन गोष्टी या आराखड्यात सर्वच विषयांना लागू केल्या आहेत.

या सर्वांत मोलाची क्षमता म्हणजे आपल्या ज्ञानाची सीमा ओळखून वेळेत डॉक्टरांना बोलावणे. ती लेखी परीक्षेत पुरती मोजता येत नाही, म्हणून पोस्टिंगमधील निरीक्षणाला एवढे वजन आहे.

या पेशाच्या अधिकारांची सीमाही देशागणिक बदलते. अमेरिकेतील सर्व राज्यांत हे व्यावसायिक औषधे लिहून देऊ शकतात. ब्रिटनमध्ये त्यांना तो अधिकार नाही. ब्रिटनमध्ये त्यांचे नियमन डिसेंबर २०२४ पासून जनरल मेडिकल कौन्सिलकडे आले. डॉक्टरांच्या संघटनांचे आक्षेप आणि रुग्णसुरक्षेचे प्रश्न यांमुळे नेमलेल्या प्रा. जिलियन लेंग यांच्या अहवालाने जुलै २०२५ मध्ये नाव पुन्हा ‘असिस्टंट’ करावे, तसेच निदान न झालेले रुग्ण ठरलेल्या नियमावलीबाहेर त्यांनी पाहू नयेत, अशी शिफारस केली. रुग्णाला आपल्यासमोरची व्यक्ती डॉक्टर आहे की नाही हे कळलेच पाहिजे. त्यामुळे स्वतःची ओळख स्पष्ट सांगणे हेही तेथे पदवीधराचे कर्तव्य ठरते.

भारतात असा पहिला अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाला. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात या पेशाचा समावेश आहे.