वीज की पेट्रोल?

इतिहास शिकवण्यात माझी तेहेतीस वर्षं गेली. औद्योगिक क्रांतीच्या मागोमाग मोटारगाडी यायची, हेन्री फोर्ड यायचे, त्यांच्या कारखान्यातला सरकता पट्टा यायचा. पण ती गाडी भर रस्त्यात बंद पडल्यावर बोनेट उघडून आत डोकं घालणारा माणूस मात्र कुठल्याच धड्यात भेटला नाही. निवृत्तीनंतर मी अशाच राहून गेलेल्या गोष्टी वाचत बसतो. (सौ. म्हणते, "यांना गाडी चालवता येत नाही आणि वाचतात काय, तर कार्बुरेटर!" असो.)

या वर्षी आमच्या नात्यात दोघांनी सेकंडहँड गाड्या घेतल्या आणि दोघांची तक्रार एकच. गाडी सुरू होते, जागेवर छान चालते, पण चढावर किंवा पुढची गाडी ओलांडताना ॲक्सिलरेटर दाबला की आचके खाते, पिकअप घेत नाही. तक्रार शंभर वर्षांहून जुनी आहे. आमच्या गावच्या मिस्त्रींचा अशा वेळी पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "वीज की पेट्रोल?" सगळं निदान या दोन शब्दांत मावायचं. गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर देणं सोपं नाही, कारण वरून दोन्ही आजार सारखेच दिसतात.

का सारखे दिसतात ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनात हवा एकदम जास्त शिरते. पेट्रोल हवेपेक्षा जड, ते मागे राहतं. म्हणून कार्बुरेटरमध्ये एक छोटा पंप असतो, तो त्या क्षणी पेट्रोलची पिचकारी मारतो. त्याचा पडदा फाटला की गाडी क्षणभर अडखळते. ही झाली पेट्रोलची बाजू. आता विजेची. पॅडल दाबल्यावर सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो, आणि दाबलेल्या वायूतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. अशक्त ठिणगी जागेवर चालणाऱ्या इंजिनाला पुरते, भार पडला की कमी पडते. म्हणजे दोष विजेचा, पण तो दिसणार पिकअपमध्ये. मालक बिचारा कार्बुरेटर साफ करून घेत बसतो.

फोर्ड यांच्या मॉडेल टी गाडीचं उदाहरण घ्या. १९०८ ते १९२७ या काळात ती दीड कोटींच्या आसपास बनली. तिला चार सिलिंडर आणि प्रत्येकासाठी लाकडी डबीत बसवलेली एकेक कॉइल. प्रत्येक कॉइलवर थरथरणारी एक पट्टी असायची, मधमाशीसारखी गुणगुणणारी. इंजिन एका पायाने लंगडायला लागलं की चालक डब्यांचं झाकण काढायचा आणि एकेक पट्टी बोटाने दाबून गप्प करायचा. पट्टी दाबल्यावर इंजिन आणखी मंदावलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर आजारी तोच. किती साधी युक्ती! उपकरण काही नाही, एक बोट आणि दोन कान. पुढे प्लगच्या वायरी एकेक काढून बघायची जी पद्धत जगभरच्या गॅरेजांत रुजली, ती हीच.

याच सुमारास चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने बॅटरी, एक कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांची जोडणी केली. १९१०च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये त्याचाच सेल्फ स्टार्टर आला, दिवे विजेचे झाले, बॅटरी चार्ज करायची सोयही गाडीतच झाली. हँडल मारता मारता उलटा झटका बसून मनगटं मोडायची, ते संपलं. पण त्या दिवसापासून गाडीच्या अंगात वीज कायमची मुक्कामाला आली, आणि विजेचे आजारही. एकच बॅटरी सगळ्यांना पुरवणार म्हटल्यावर एका सैल टर्मिनलचा परिणाम दिव्यात, सेल्फमध्ये आणि ठिणगीत, तिन्हीकडे दिसायला लागला.

केटरिंगची ही रचना पुढे साठ-सत्तर वर्षं जवळजवळ तशीच राहिली. आपल्याकडे तर त्याहून जास्त. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. आधी क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या, मग पन्नासच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघायला लागली. तीच पुढे १९६४ला डिलाइट आणि १९७४ला पद्मिनी झाली. आकार थोडा बदलला असेल, पण बोनेटखाली तेच १०८९ सीसीचं इंजिन, तेच पॉइंट, तोच कंडेन्सर, तोच कार्बुरेटर. नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. त्यामुळे गाडी घेणं म्हणजे बहुतेकांसाठी कुणाची तरी वापरलेली गाडी घेणं, आणि मिस्त्री सोबत असल्याशिवाय सौदा करायचा नाही हा शिरस्ता.

मिस्त्रींचं काम मी पुष्कळदा पाहिलं आहे, शाळेच्या वाटेवरच त्यांचं गॅरेज होतं. गाडी विकणारा हुशार असेल तर गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवी. आमचे मिस्त्री गेल्याबरोबर बोनेटवर हात ठेवत. गरम लागलं की म्हणत, "चहा घेऊन येऊ, निवू दे." थंड गाडी खोटं बोलत नाही, असा त्यांचा सिद्धांत. मग डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, पॉइंट बघायचे. पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. फीलर गेज असायचा, पण तो हरवलेला असायचा. मग काड्यापेटीच्या कव्हराचा तुकडा घालून अंदाज. या नाजूक फटीवर केवढा भार असतो बघा. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला सहा हजार ठिणग्या लागतात. म्हणजे सेकंदाला शंभर वेळा ते पॉइंट उघडतात. कंडेन्सर गेला की उघडताना तिथेच ठिणगी पडते, पॉइंट जळून काळे पडतात, आणि गाडी हळू चालवताना गुणी आणि जोरात चालवताना मिसिंग मारणारी होते. कार्बुरेटरला हात लावण्याआधी पॉइंट बघा, हे ते मला (मला कशासाठी, देव जाणे) दहा वेळा तरी म्हणाले असतील.

या ज्ञानाची वही नव्हती. ते पोरांच्या हातात उतरायचं, पाने सरकवता सरकवता, शिव्या खात खात.

आता गोष्ट जाते अमेरिकेत, लॉस एंजेलिसला. कारण गाडीला स्वतःचा आजार सांगता येऊ लागला तो तिथल्या धुरामुळे. २६ जुलै १९४३ला त्या शहरात असा धूर दाटला, की डोळे चुरचुरून लोकांना जपान्यांनी विषारी वायू सोडला असं वाटलं. पन्नासच्या दशकाच्या आरंभी हागेन-स्मिट नावाच्या, मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने (हा गृहस्थ आधी अननसाच्या वासावर संशोधन करत होता!) दाखवून दिलं, की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या धुरातले वायू सूर्यप्रकाशात मिसळून हा प्रकार घडतो. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं. नियम कडक झाले, गाड्यांना धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागला, पेट्रोल मोजून देण्यासाठी कॉम्प्युटर आला.

पण नवी गाडी स्वच्छ असून काय उपयोग? पाच वर्षांनी एखादा सेन्सर मेला तर मालकाला पत्ताही लागणार नाही आणि गाडी धूर ओकत फिरेल. म्हणून मंडळाने कंपन्यांना सांगितलं, की दोष आला तर गाडीने स्वतः दिवा लावून सांगितलं पाहिजे. १९८८च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात हा नियम आला. सुरुवातीच्या कित्येक गाड्यांत दिव्याची उघडझाप मोजून दोषाचा आकडा ओळखायचा, तारखात्यातल्या कट्ट-कडकट्टसारखं. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या गाड्यांना सोळा पिनांचा एकाच आकाराचा सॉकेट आणि एकसारखे कोड सक्तीचे झाले. तेच ते ओबीडी-२. आपल्याकडे भारत स्टेज ४च्या गाड्यांना ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा एप्रिल २०१३ पासून लागू झाला.

या यंत्रणेतला माझ्या सर्वात आवडीचा भाग म्हणजे मिसिंग पकडणं. ठिणगी चुकली की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि तो जळून जातो. त्यामुळे कॉम्प्युटरला मिसिंग ओळखणं भाग होतं. ते तो कसं ओळखतो? क्रँकच्या चाकाशेजारी एक सेन्सर असतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला धक्का बसून वेग किंचित वाढतो. एखाद्याने धक्का दिला नाही तर वेग तेवढ्यापुरता पडतो. कॉम्प्युटर ती घट मोजतो आणि लिहून ठेवतो 'पी ०३०१', म्हणजे पहिला सिलिंडर. 'पी ०३०३', म्हणजे तिसरा. पट्टीवर बोट ठेवून मॉडेल टीचा चालक इंजिनाचं मंदावणं ऐकत होता, तेच हे.

पण 'पी ०३०३' म्हणजे काय? तिसऱ्या सिलिंडरने धक्का दिला नाही, एवढंच. ठिणगी नव्हती, पेट्रोल नव्हतं की दाब नव्हता, हे तो आकडा सांगत नाही. "वीज की पेट्रोल?" हा प्रश्न तिथेच उभा राहतो. आणि इथेच नव्या काळातली माणसं फसतात. आमच्या पुतण्याची गाडी, २०१४ची, पेट्रोलवरची. चढाला एकदम ताकद सोडायची आणि इंजिनचा दिवा लागायचा. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावला. कोड आला ॲक्सिलरेटरच्या पॅडलचा. आताच्या गाड्यांत पॅडलपासून इंजिनापर्यंत केबल नसते. पॅडलमध्ये दोन सेन्सर असतात, दोघांच्या साक्षी जुळल्या नाहीत की कॉम्प्युटर घाबरून गाडीची ताकद काढून घेतो. वर्कशॉपने पॅडल बदललं. आठ दिवसांनी पुन्हा तेच. मग म्हणाले, थ्रॉटल बदलू. खर्चाचा आकडा ऐकून पुतण्याने गाडी गावी आणली.

मिस्त्री आता नाहीत, गॅरेज त्यांचा मुलगा चालवतो. स्कॅनर त्याच्याकडेही आहे. कोड वाचून त्याने स्कॅनर बाजूला ठेवला आणि मल्टिमीटर काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या अंगाला, आणि पुतण्याला सेल्फ मारायला सांगितला. या दोन जागी जवळजवळ शून्य दिसायला हवं, फार तर व्होल्टचा दोन-तीन दशांश. दिसला एक व्होल्टच्या वर. इंजिनाकडे जाणारी अर्थची जाड पट्टी गंजून अर्धवट तुटली होती. सेन्सर पाच व्होल्टांवर चालतात, त्यांची पायरीच अशी हलायला लागल्यावर त्यांच्या साक्षी जुळणार कशा? पट्टी बदलली, टर्मिनल घासलं, टिचकीभर खर्च. गाडी तेव्हापासून घाट चढते आहे.

तर स्कॅनर खोटं बोलला का? तक्रार कुणी केली ते त्याने बरोबर सांगितलं. दुखणं कुठे आहे ते शोधणं माणसाचं काम होतं, आणि ते वर्कशॉपमध्ये कुणी केलं नाही.

यात एक वादाचा मुद्दा आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. गाडी बोलायला लागली, पण कुणाशी? अमेरिकेच्या १९९०च्या हवा-कायद्यातच तरतूद होती, की धुराशी संबंधित दुरुस्तीची माहिती कंपन्यांनी बाहेरच्या मिस्त्रींनाही द्यावी. आपल्याकडे २०११ मध्ये एका ग्राहकाने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की सुटे भाग आणि निदानाची साधनं कंपन्या फक्त आपल्या अधिकृत केंद्रांनाच देतात. २५ ऑगस्ट २०१४ला आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र उतरवला. मिस्त्रींच्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत आहे, की साधे कोड त्याला वाचता येतात, पण काही गाड्यांत नवा भाग बसवल्यावर तो कॉम्प्युटरला 'ओळखवून' द्यावा लागतो आणि ती किल्ली त्याच्याकडे नसते. मग गिऱ्हाईक शहरात जातं. फियाटच्या बोनेटला अशी किल्ली नव्हती.

मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची थांबली. शेवटच्या नोंदलेल्या गाडीला वीस वर्षं झाली आणि नियमाप्रमाणे मुदत संपली. पॉइंट घासणाऱ्या हातांना आता काम राहिलं नाही, ते बरंच झालं म्हणायचं, धूर कमी झाला.

नात्यातली आणखी दोन मंडळी दिवाळीपर्यंत जुनी गाडी घेणार आहेत असं कळतं, त्यांच्यासाठी मिस्त्रींच्या मुलाने सांगितलेलं लिहून ठेवतो. बोनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर चहाला जा. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू व्हायच्या आधी, इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर कुणीतरी तो काढून ठेवला आहे. स्कॅनर लावल्यावर एकही कोड नाही म्हणून हुरळू नका. विकणारा आदल्या दिवशी कोड पुसतो. पण पुसले की कॉम्प्युटरने स्वतःच्या घेतलेल्या चाचण्याही पुसल्या जातात आणि त्या पुन्हा पुऱ्या व्हायला काही दिवसांचं चालवणं लागतं. स्कॅनरवर त्या चाचण्या 'अपूर्ण' दिसल्या, तर विकणाऱ्याला विचारा, काल काय पुसलंत? सॉकेट स्टिअरिंगच्या आसपास खालच्या अंगाला असतो, वाकून चाचपलं की हाताला लागतो.