पितळेचा सर्प

गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणारा वाटसरू नेसरीच्या खिंडीशी थबकतो, इ. स. १६७४ च्या फेब्रुवारीत जे मराठा सेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती आदिलशाही सरदार बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, त्यांच्या स्मारकाला हात जोडतो, जमल्यास चार फुले वाहतो आणि पुढे निघतो. ही पूजा की नुसती आठवण, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही. हा प्रश्न ज्यांना पडावा असे ख्रिस्ती लोक मात्र या मुलखात आहेत, आणि त्यांचे उत्तर एक नाही.

आजऱ्याच्या बाजूला कोकणी बोलणाऱ्या कॅथलिक घरांतून मरियेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती जळते. रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी १८५२ त कोल्हापुरात आरंभिलेल्या आणि १८७० त प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेलेल्या मिशनच्या परंपरेत प्रतिमेला थारा नाही. एक जण ७८७ च्या निकेया धर्मसभेचा दाखला देतो, की मान प्रतिमेला, आराधना केवळ ईश्वराला. दुसरा विचारतो, गुडघे टेकल्यावर हा भेद राहतो कोणाच्या ध्यानात? दोघांच्या दहा आज्ञांची मोजणीसुद्धा जुळत नाही. मूर्तिनिषेध प्रॉटेस्टंट मूल ‘दुसरी आज्ञा’ म्हणून पाठ करते. कॅथलिक मूल तो पहिलीतच धरते आणि दहाचा आकडा भरण्यासाठी लोभाविषयीच्या अखेरच्या आज्ञेच्या दोन करते.

या वादात मला सर्वांत मोलाची वाटते ती पितळेच्या सर्पाची कथा. हा सर्प मोशेने केला तो देवाच्याच आज्ञेने, दंश झालेल्यांचे प्राण वाचावेत म्हणून. पुढे लोक त्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने ‘नहुश्तान’, म्हणजे निव्वळ पितळ, असे ठरवून त्याचे तुकडे केले. त्याने फोडले ते शेजाऱ्याचे दैवत नव्हे, तर आपल्याच पूर्वजांच्या पुण्याईची ठेव.

हा आत्मपरीक्षणाचा धागा आपल्याकडे थोड्यांनीच धरला. बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी जातीचे कासार, म्हणजे पितळेचे मोल पिढीजात जाणणारे. बालपणी देवपूजेत रमलेला हा मुलगा परमहंस मंडळी या सुधारक संघटनेतून वावरून १८५४ त ख्रिस्ती झाला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या श्रद्धेचा हिशेब मांडला, आणि त्यांचे निष्कर्ष न पटणाऱ्यालाही एवढे मान्य करावे लागते, की ते प्रथम आपल्याच घराशी झगडले.

गोव्यातील सासष्टीत याच्या उलट घडले. १५६७ त तेथील देवळे पोर्तुगीज राजसत्तेच्या बळावर पाडण्यात आली. मंगेशाने कुशस्थळी सोडून जुवारीपलीकडे प्रियोळात आश्रय घेतला होता, तोही याच दशकात. पुढे १६१६ त जेझुइट फादर स्टीफन्स यांना तेथल्याच लोकांसाठी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचून छापावे लागले, आणि ख्रिस्ताचा स्वर्ग सांगताना ‘वैकुंठ’ हाच शब्द हाताशी आला. पौलाने कलस्सैकरांना लिहिताना लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. सासष्टीत मूर्ती भंगल्या, परंतु त्यांच्या इनाम जमिनी भंगल्या नाहीत. त्या साबूत राहिल्या, आणि त्यांचा वसूल दफ्तरात चर्चच्या व पाद्र्यांच्या विद्यालयाच्या नावे जमा होऊ लागला.