पिन-लूम : कात्रीविना वस्त्र

तळहाताएवढी चौकोनी चौकट आणि तिच्या चारही कडांना बारीक खिळ्यांची रांग, एवढाच 'पिन-लूम' या छोट्या हातमागाचा पसारा असतो. १९३० च्या दशकात, मंदीच्या काळात, अमेरिकेत 'वीव्ह-इट' नावाचा असा माग लोकप्रिय झाला. त्याचा प्रचलित आकार ४ इंचांचा.

सूत खिळ्यांभोवती प्रथम उभे, त्यावर आडवे आणि पुन्हा उभे, असे तीन थरांत गुंडाळतात. चौथा थर लांब सुईने, एका धाग्यावरून व एका धाग्याखालून, विणला जातो. एका चौकोनास सुमारे ८ वार सूत लागते. चारही कडा बंद असल्याने तुकडा उसवत नाही. साहजिकच कापड बेतणे, कातरणे आणि कातरण वाया जाणे टळते. चौकोन एकमेकांस शिवून शाल, बंडी किंवा स्वेटर तयार होतो. गळ्यासाठी तेवढी जागा मोकळी सोडतात.

मात्र खरी कसोटी हिशेबाची आहे. मागावरून उतरताच चौकोन आक्रसतो, धुतल्यावर आणखी. समजा, तो साडेतीन इंच भरला. ४२ इंच घेरासाठी मागाच्या मापाने ११ चौकोन जोडल्यास घेर साडेअडतीस इंचच होईल. प्रत्यक्षात १२ हवेत. म्हणून निवडलेल्या सुताचा एक चौकोन आधी विणून, धुऊन, वाळवून मोजावा आणि मगच पुढील सूत खरेदी करावे. पुढे एखादा चौकोन विरलाच, तर तेवढाच बदलता येतो.