विजयदुर्गाच्या आडोशाला

फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज अॅडमिरल वॉटसनच्या तोफांच्या माऱ्यात विजयदुर्गाच्या बंदरात इंग्रजांकडून पकडलेली ‘रिस्टोरेशन’ पेटली आणि एकमेकांना बांधून ठेवलेल्या गुराबांवर, म्हणजे लढाऊ जहाजांवर, आग पसरली. तुळाजी आंग्र्यांचे आरमार जागच्या जागी जळाले. याचा सगळा दोष आपण नानासाहेब पेशव्यांच्या माथी मारून मोकळे होतो. त्यांनी इंग्रजांना हाताशी धरले हे खरेच, आणि त्याचे समर्थन कुणी करू नये. पण तेवढ्याने आरमार बंदरात दाटीवाटीने का उभे होते, हे कळत नाही. माझ्या मते त्याचे कारण आंग्र्यांच्या जुन्या यशातच आहे. तुळाजींचे वडील कान्होजी यांच्या गुराबा उथळ पाण्यात चालत. वारा पडला की वल्ह्यांची गलबते त्यांना ओढत. एकटे जहाज मागून गाठायचे आणि मोठे आरमार चालून आले की किल्ल्याच्या आडोशाला यायचे, अशी ही रीत. 1720 मध्ये इंग्रज आणि 1724 मध्ये डच विजयदुर्गावरून हात हलवत परतले. पुढे संभाजी आंग्र्यांनी 1735 मध्ये इंग्रजांची ‘डर्बी’ पकडली, तर तुळाजींनी 1749 मध्ये हीच ‘रिस्टोरेशन’. मग रीत बदलावी असे कुणाला वाटणार? एप्रिल 1755 मध्ये इंग्रज कमोडोर जेम्सने तुळाजींचा सुवर्णदुर्ग समुद्रावरून तोफा डागून घेतला, तरी दहा महिन्यांनी भरवसा तटबंदीवरच होता.

ब्रिटिश राजाच्या लढाऊ जहाजांपुढे कुणाचाच टिकाव लागला नसता, असा आक्षेप येईल. किल्ला कदाचित गेलाच असता. पण मागे वाघोटनची खाडी होती, हलकी गलबते तरी आत विखुरता आली असती. शिवाय कान्होजींचे निम्मे बळ जमिनीवर होते, हे आपण विसरतो. 1714 मध्ये त्यांनी पेशवे बाळाजी विश्वनाथांशी तह करून छत्रपती शाहूंचा पक्ष धरला. 1721 मध्ये इंग्रज-पोर्तुगीज कुलाब्यावर आले तेव्हा साताऱ्याची फौज मदतीला धावली. 1729 मध्ये कान्होजी गेले आणि पुढे घर फुटले. त्यांचे पुत्र मानाजी कुलाब्याला पेशव्यांच्या आश्रयाने राहिले. तुळाजींनी पेशव्यांशीही वैर धरले आणि वाडीच्या सावंतांशीही. वारशात गुराबा आल्या, माणसे जोडण्याची अक्कल आली नाही. वॉटसन बंदरात शिरला तेव्हा तुळाजी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करत होते. पुढे ते कैदेतच वारले.

दर्यावर्दी कसब मात्र किनाऱ्यावरून गेले नव्हते. त्याच विजयदुर्गाहून पेशव्यांचे सरदार आनंदराव धुळप यांनी 1783 मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ पकडले.